पहिली स्पीकरजोडी घेताना

दोन स्पीकर, एक अँप्लिफायर आणि नेमाने बसून ऐकायची एक जागा, एवढ्यावर घरात गाणं फार सुंदर वाजू शकतं. त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत आणि इलेक्ट्रॉनिक्सही शिकावं लागत नाही. फक्त निर्णय योग्य क्रमाने घ्यावे लागतात. बहुतेक जण आधी ब्रँड ठरवतात, मग वॅट विचारतात, मग घासाघीस करतात आणि स्पीकर घरी आल्यावर ते ठेवायचे कुठे याचा विचार करतात. इथे क्रम उलटा आहे. आधी खोली, मग तुमचं गाणं, आणि दुकान त्यानंतर.

पायरी पहिली: टेप घ्या आणि खोली मोजा

लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहा. सोफा कुठे आहे, टीव्ही कुठे आहे, काचेचं सरकतं दार कोणत्या बाजूला आहे, तेही काढून ठेवा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला हॉल साधारण १० बाय १५ फुटांचा असतो, खाली गुळगुळीत टाइल, एका टोकाला बाल्कनी. अशा खोलीत आवाज खूप परावर्तित होतो आणि खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, काही ठिकाणी साचतो.

खर्ज साचतो म्हणजे काय, ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावर आहेत. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्यामुळे ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांच्या, खोल सुराची एक लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते, म्हणजे तुमच्या हॉलपेक्षाही मोठी. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर लाटेच्या निम्म्याएवढं भरलं की तो सूर खोलीत अडकून घुमत राहतो. हिशोब असा: ३४३ला खोलीच्या (मीटरमधल्या) लांबीच्या दुपटीने भागा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. १५ फुटांसाठी उत्तर येतं साधारण ३७. खोली १२ बाय १२ अशी चौरस असेल तर दोन्ही दिशांचं उत्तर एकच येतं, ४७ हर्ट्झ, आणि तो एकच सूर दुप्पट जोराने घुमतो. कितीही महागडा स्पीकर आणला तरी या गणितातून सुटका नाही.

त्यावरून माझा सल्ला असा. १२० चौरस फुटांच्या आतली खोली असेल तर ४ ते ५ इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या शंकूचा) छोटा स्पीकर घ्या. १५० ते २०० चौरस फुटांसाठी साडेसहा इंची वूफर भरपूर होतो. जमिनीवर उभे राहणारे उंच, टॉवर स्पीकर घ्यायचे तर ते मागच्या भिंतीपासून किमान दोन फूट पुढे ओढता आले पाहिजेत. तेवढी जागा नसेल तर तो विचार सोडून द्या. लहान खोलीत कोपऱ्यात दाबलेला टॉवर गाण्याचा जीव घेतो. सगळं एका जाड, गढूळ घुमण्याखाली जातं आणि शब्द कळेनासे होतात.

पायरी दुसरी: तुम्ही नेमकं काय ऐकता

दुकानदार विचारेल, “बेस पाहिजे का?” याचं उत्तर तुमच्या गाण्यात आहे.

समजा तुम्ही शास्त्रीय गायन, नाट्यपदं, भावगीतं, अभंग ऐकता. पुरुष गायक काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून) गात असेल तर त्याचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तिचा षड्ज २०८च्या आसपास आणि तिच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ला. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आतबाहेर. म्हणजे ६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर तुमचं जवळजवळ सगळं संगीत वाजवतो. त्याखालच्या खर्जासाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा मधल्या पट्टीचा, म्हणजे माणसाच्या आवाजाचा, प्रामाणिक स्पीकर शोधा.

छोट्या स्पीकरला कमी लेखू नका. बीबीसीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एलएस३/५ए नावाचा स्पीकर तयार केला. तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, अगदी अडचणीच्या जागेत आवाज तपासण्यासाठी होता. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांच्या छोट्या गठ्ठ्याएवढा, पूर्ण बंद पेटीचा, खर्जात फारसा न उतरणारा. पण त्यावर माणसाचा आवाज इतका खरा येतो की आज पन्नास वर्षांनंतरही तो आराखडा वापरून स्पीकर बनवले आणि विकत घेतले जातात.

तबल्याची गोष्ट याहून नाजूक आहे. बहुतेक चर्मवाद्यांना ठाम सूर नसतो. तबल्याला असतो, कारण पुडीवरच्या काळ्या शाईमुळे त्याचे वरचे स्वर मूळ सुराच्या पटीत बसतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये यावरच लिहिलं होतं. हे वरचे स्वर मधल्या पट्टीत येतात. स्पीकर तिथे वाकडा असेल तर तबला लाकडी ठोकळ्यासारखा टकटक वाजतो आणि तो कुठल्या सुरात लावलाय ते कळत नाही. अभंग आणि भजनं ऐकणाऱ्यांनी टाळाकडे लक्ष द्यावं. टाळ अगदी वरच्या पट्टीत, ट्वीटरच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या घुमटाच्या) राज्यात झणाणतो. हलका ट्वीटर टाळाचा पत्रा करून टाकतो.

आणि तुम्ही आजचं चित्रपटसंगीत, इलेक्ट्रॉनिक ताल, किंवा सिनेमे जास्त बघत असाल तर ४० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज खरोखर लागतो. तरीही मोठी जोडी घेण्यापेक्षा छोटी चांगली जोडी आधी घ्या आणि वर्षभराने हवा वाटला तर सबवूफर, म्हणजे फक्त खोल खर्जाची वेगळी पेटी, जोडा. सबवूफर खोलीत हवा तिथे सरकवता येतो, टॉवरचा वूफर येत नाही.

पायरी तिसरी: अँप्लिफायर आत की बाहेर

ज्यांच्या पेटीतच अँप्लिफायर असतो ते ॲक्टिव्ह किंवा पॉवर्ड स्पीकर. प्लगमध्ये लावा, टीव्ही किंवा मोबाइल जोडा, झालं. बेडरूम, टेबल, भाड्याचं घर यांसाठी हे सोयीचे. पॅसिव्ह स्पीकरला बाहेरचा अँप्लिफायर लागतो, तारा लागतात, शेल्फवर जागा लागते.

हॉलसाठी आणि लांब पल्ल्यासाठी मी पॅसिव्हच्या बाजूने आहे. पॅसिव्ह स्पीकरमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. नीट वापरलेली जोडी वीस-वीस वर्षं चालते आणि मधल्या काळात अँप्लिफायर बदलता येतो. पॉवर्ड स्पीकरचा सर्किट बोर्ड गेला आणि सुटा भाग मिळाला नाही, की धडधाकट वूफर असलेली पेटीसुद्धा निकामी होते. पावसाळ्यात वीज वर-खाली होणाऱ्या गावात हे लवकर घडतं.

पैशांची विभागणी करताना निम्म्याहून जास्त रक्कम स्पीकरवर घाला, उरलेली अँप्लिफायरवर. दोन चांगल्या अँप्लिफायरांमधला फरक ओळखणं कठीण असतं. दोन स्पीकरांमधला फरक घरातलं लहान मूलही सांगेल. आणि स्पीकर ठेवायच्या स्टँडचे पैसे सुरुवातीलाच बाजूला काढा.

पायरी चौथी: खोक्यावरचे आकडे

पीएमपीओ (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) वाचलंत तर ते खोकं बाजूला ठेवा. हा आकडा कुठल्याही ठराविक पद्धतीने मोजलेला नसतो, हजारात छापता येतो, आणि आपल्याकडच्या म्युझिक सिस्टिमवर वर्षानुवर्षं तसाच छापला गेला. आरएमएस वॅट, म्हणजे सलग मिळणारी ताकद, बघा.

त्याहून महत्त्वाचा आकडा संवेदनशीलतेचा. तो डेसिबलमध्ये असतो आणि सांगतो, की ठराविक वीज दिली तर एक मीटरवर किती आवाज होतो. छोट्या स्पीकरांचा हा आकडा बहुधा ८४ ते ८८. इथे ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅट. ८५चा स्पीकर ८८च्या स्पीकरएवढा वाजवायला दुप्पट ताकदीचा अँप्लिफायर लागतो. मोजमाप बहुतेक वेळा २.८३ व्होल्टला केलेलं असतं. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा आकडा. ८ ओहमला ते १ वॅट होतं, ४ ओहमला २ वॅट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने वरचढ दिसतो, प्रत्यक्षात तो जास्त वीज खातो.

मग किती वॅट पुरतात? ८६ डेसिबलची जोडी आणि ४० वॅटचा अँप्लिफायर घेतला तर आठ फुटांवरच्या सोफ्यावर आवाज ९५ डेसिबलच्या पुढे जातो. फ्लॅटमध्ये एवढा आवाज केलात तर वरचे-खालचे दोघेही बेल वाजवतील. अँप्लिफायर मात्र कमकुवत असून पूर्ण पिळू नका. ताकद संपल्यावर तो ध्वनिलहरीचा माथा कापायला लागतो, आणि त्या कापलेल्या आवाजात ट्वीटर जळतो. ट्वीटर मोठ्या अँप्लिफायरने जळतो असा समज आहे. प्रत्यक्षात लहान अँप्लिफायर शेवटपर्यंत फिरवल्यानेही तो तसाच जळतो.

ओहमचा आकडा ६ किंवा ८ असेल तर निर्धास्त राहा. ४ असेल तर तुमच्या अँप्लिफायरच्या मागे ४ ओहम चालतो असं लिहिलंय का, ते पाहून घ्या. फ्रीक्वेन्सीचा आकडा, उदाहरणार्थ ४५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, त्यापुढे अधिक-उणे ३ डेसिबल असं लिहिलेलं असेल तरच मनावर घ्या. ते नसेल तर ४५ हर्ट्झला आवाज किती उरलाय याचा पत्ता लागत नाही.

पायरी पाचवी: ऐकणं

ही पायरी घाईत उरकू नका. निदान दोन दुकानं, आणि प्रत्येक ठिकाणी निवांत तास-दीड तास. शनिवारी-रविवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी दुपारी जा, म्हणजे दुकानातली माणसंही मोकळी असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तारा, जॅक, अँप्लिफायर सगळं मिळतं, पण बाजारपेठेतल्या गजबजलेल्या गाळ्यात जोडी ऐकून निवडता येत नाही. त्यासाठी बंद, शांत ऐकायची खोली असलेलं दुकान शोधा.

स्वतःची गाणी सोबत न्या, जी तुम्हाला श्वासासकट पाठ आहेत अशी. दुकानाच्या नमुन्याच्या गाण्यांवर सगळेच स्पीकर छान वाजतात, ती त्यासाठीच निवडलेली असतात. माझ्या मते यादीत एवढं तरी असावं: एक पुरुषाचा आवाज, एक बाईचा, तबला-तानपुऱ्यासह विलंबित ख्यालाची पहिली काही मिनिटं, टाळ-मृदंगाचा एक अभंग, एक गर्दीचं वाद्यवृंदाचं चित्रपटगीत, आणि एक जुनं मोनो (दोन्ही स्पीकरांना एकच आवाज जाणारं) मुद्रण.

मोनो मुद्रणाचा उपयोग मोठा आहे. आपली जुनी भावगीतं आणि नाट्यपदं मोनोच आहेत. दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसून असं मुद्रण लावलं की गायक दोन्ही पेट्या सोडून बरोबर मधल्या रिकाम्या जागेत उभा राहिला पाहिजे. स्टिरिओचं सगळं कौतुक या मधल्या, प्रत्यक्षात नसलेल्या माणसात आहे. इंग्लंडमधल्या ईएमआय कंपनीत ॲलन ब्लुमलाईन यांनी १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून जोडीकडून हीच अपेक्षा आहे. आवाज पसरट, एका अंगाला झुकलेला किंवा पेट्यांना चिकटलेला वाटला तर आधी मांडणी तपासायला सांगा. मांडणी ठीक असूनही तसंच राहिलं तर जोडीतले दोन स्पीकर एकमेकांशी जुळत नाहीत.

आता एक युक्ती जी दुकानात फार थोडे लोक वापरतात: एकच स्पीकर चालू ठेवून ऐका. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमन कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकण्याच्या चाचण्या वर्षानुवर्षं घेतल्या. एकट्या स्पीकरवर माणसाला दोष जास्त नीट ऐकू येतात, जोडीवर ते लपतात, असं त्यांना दिसलं. स्पीकर डोळ्यांना दिसत असतील तर आकार, किंमत आणि नाव यांचा निवडीवर परिणाम होतो, हेही त्याच कामातून समोर आलं. म्हणून सोबत कोणाला तरी न्या, तुम्ही डोळे मिटा आणि त्यांना स्पीकर बदलायला सांगा.

आणखी एक सापळा. किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगला वाटतो. एक ८५ डेसिबलचा आणि दुसरा ८८चा असेल आणि आवाजाचं बटण तसंच ठेवून अदलाबदल केली, तर ८८वालाच जिंकणार. मोबाइलवर आवाज मोजायचं फुकट ॲप असतं. ते खुर्चीच्या हातावर ठेवा आणि दोघांचा आवाज सारखा करून मगच तुलना करा.

लक्ष कशाकडे द्यायचं? शब्दातला ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतो का. हार्मोनियम आणि आवाज एकत्र आल्यावर दोन्ही वेगळे कळतात का. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, सलग ऐकू येते का, की गायक गायला लागला की ती गायब होते. डग्ग्यावरची घसीट, सूर वर चढतानाची, एका रेषेत चढते का, की मधल्याच एखाद्या ठिकाणी फुगते. शेवटी आवाज अगदी कमी करा, रात्री दहानंतर ऐकाल तेवढा. तेवढ्यावरही गाण्यात जीव राहिला तर तो स्पीकर रोज ऐकला जाईल. पहिल्या दोन मिनिटांत चकाकणारा स्पीकर अर्ध्या तासात डोकं दुखवतो. त्यामुळे जो आवडलाय तो सलग अर्धा तास ऐका आणि तुम्हाला गाणं बंद करावंसं वाटतंय का, ते स्वतःला विचारा.

घरी नेऊन दोन-चार दिवस ऐकू देणारं दुकान मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तिथूनच घ्या.

जुने किंवा परदेशातून आणलेले

त्याच पैशांत वापरलेली जोडी वरच्या दर्जाची मिळते, आणि तपासून घेतली तर त्यात काही वावगं नाही. वूफरच्या कडेची पट्टी पहा. रबराची असेल तर बहुधा शाबूत असते. फोमची असेल तर दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो, आणि कोकण किनाऱ्यावर त्याआधीही. बोटाने हलकेच स्पर्श केला तरी तुकडा पडतो. बाकी स्पीकर उत्तम असेल तर कारागीर फोम बदलून देतो, तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. वूफरच्या शंकूवर दोन्ही हातांची बोटं सारख्या अंतरावर ठेवून अलगद आत दाबा. घासल्याचा आवाज आला तर आतली कॉइल वाकली आहे, घेऊ नका. ट्वीटरचा घुमट चेपलेला नको. दोन्ही पेट्यांचे क्रमांक जुळतात का, तेही पहा.

अमेरिकेतला भाऊ किंवा मुलगी येताना स्पीकर आणणार असेल तर पॅसिव्ह मागवा. त्याला विजेचा प्लगच नसतो, त्यामुळे कुठल्याही देशात चालतो. तिकडचा पॉवर्ड स्पीकर फक्त १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावताक्षणी जळेल. त्याच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असं छापलंय का, ते फोटो मागवून आधीच बघा.

पायरी सहावी: घरात मांडणी

इथे एक रुपयाही खर्च न करता जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या तारांनी कधीच पडत नाही.

दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. स्पीकरांमध्ये सात फूट असतील तर तुम्हीही प्रत्येकापासून सात फुटांवर बसा. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. सोफ्यावर ती उंची साधारण तीन ते सव्वातीन फूट असते, म्हणून २४ इंची स्टँड बहुतेक छोट्या स्पीकरांना बरोबर होतो. तुमचा सोफा अगदी बसका असेल तर आधी मोजा, मग स्टँड घ्या. गादी-तक्क्यावर बसून ऐकणाऱ्यांना त्याहून खूप बुटका स्टँड लागेल, सुताराकडून जड लाकडाचा करून घ्या.

मग मागच्या भिंतीचं अंतर. भिंतीकडून परतलेली खर्जाची लाट स्पीकरच्या पुढच्या लाटेला भेटते, आणि काही सुरांवर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. भिंत स्पीकरच्या तोंडापासून एक मीटरवर असेल तर हे साधारण ८६ हर्ट्झला घडतं, म्हणजे ऐन डग्ग्याच्या जागी. त्यामुळे एकच अंतर सगळ्या घरांना लागू होत नाही. भिंतीपासून एक फुटावर सुरुवात करा, तबल्याचं मुद्रण लावा, दोन्ही स्पीकर चार-चार बोटं पुढे सरकवत जा आणि डग्गा भरीव पण मोकळा वाटला तिथे थांबा. जागेवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, झाडलोट करताना स्पीकर हलतातच. कोपरा टाळा. आणि सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तोही वीतभर पुढे घ्या, भिंतीलगत खर्ज नेहमी फुगलेला ऐकू येतो.

टीव्ही युनिटच्या खणातच स्पीकर ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर पेटीचं तोंड खणाच्या कडेच्या थोडं बाहेर आणा. ज्यांच्या मागे हवेचं भोक असतं असे स्पीकर अशा जागी घुमतात. बंद पेटीचा किंवा भोक पुढच्या बाजूला असलेला स्पीकर घ्यावा. आधीच मागचं भोकवाला घेतला असेल तर त्यात स्पंजचा बोळा किंवा गुंडाळलेला पायमोजा सैलसर बसवून बघा, घुमारा बराच उतरतो.

टाइलवर, स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये, जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. ‘स’ टोचत असेल तर निम्मं दुखणं इथेच बरं होतं. काचेच्या दाराला जाड पडदा लावा. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच उत्तम, वेगवेगळ्या जाडीची पुस्तकं आवाज सगळीकडे विखरून टाकतात.

तार साधी तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती, पाच-सहा मीटरपर्यंत पूर्ण पुरते. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरांना सारखंच. एका बाजूला उलटं लागलं तर मधला गायक नाहीसा होतो आणि खर्ज पातळ पडतो. नव्या मांडणीत आवाज विचित्र वाटला तर सगळ्यात आधी हेच तपासा.

राहता राहिला पावसाळा. बहुतेक पेट्या एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी तंतूंच्या फळ्यांच्या) असतात आणि ओल लागली की त्या फुगतात. ओल्या फडक्याने पुसू नका, कोरडं मऊ कापड वापरा. पाणी झिरपणाऱ्या भिंतीला स्पीकर लावू नका. समुद्राजवळ राहत असाल तर मागचे स्क्रू आणि तारांची उघडी टोकं हिरवट पडतात, दर पावसाळ्यानंतर टोक कापून नवं सोला. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घरात हवेच्या भोकात झुरळं आणि पाली शिरतात, तिथे जाताना स्पंजचा बोळा लावून जा. आणि खोकी, त्यातल्या थर्माकोलसकट, माळ्यावर ठेवा. वॉरंटीत दुरुस्तीला पाठवताना किंवा पुढे कधी जोडी विकताना ती लागतात.